यादीतली नावं

औषधांच्या दुकानावरची खोली. खाली रात्रभर
कुणी ना कुणी खोकल्याचं औषध मागत असतं.
वर आम्ही सहा जण. माझ्या वाटची बत्तीस माणसं
तीन फोनांत दाटीवाटीनं राहतात.

शाळेत शिकवलं होतं: फार पूर्वी
स्पेनहून आलेल्या साहेबाला आमची मोजदाद जमेना,
म्हणून त्यानं आडनावांची यादीच धाडली
आणि पानं गावागावांत वाटली.
आमच्या ओतोनच्या वाट्याला ओ आला.
अजूनही ओर्बिस्ता म्हटलं की जीपवाला विचारतो,
ओतोनच्या का?

आता यादी माझ्याकडे असते.
मी नाव देते, मग वाढदिवस, मग एखादं दुखणं,
कारण काहीच दुखत नाही अशा माणसावर
कुणी विश्वास ठेवत नाही.

नेनिता ओलिव्हेरोस अशीच केली, एका कंटाळवाण्या मंगळवारी.
वय एकसष्ट. विधवा. सुकट वाळवते. उजवा गुडघा धरतो.
पहिले आठ दिवस राजकारण बोलायचं नाही, असा नियम;
लोणच्यासारखं माणूस आधी मुरू द्यायचं.
तोवर तिनं फक्त विचारायचं, जेवलात का?

लोक किती उपाशी होते या प्रश्नाला!
रियाधहून एक नर्स लिहायची, ड्युटी संपली की,
डब्यात काय होतं ते सगळं.
एका कोळ्यानं पायाच्या जखमेचा फोटो पाठवला
आणि मी रात्री दोन वाजता जिना उतरून
दुकानदाराला विचारून आले,
नेनितानं त्याला काय सांगावं.

नवव्या दिवशी नेनिता म्हणाली,
सोकोरो तिंगसनबाईंनी धक्क्याची जमीन विकली म्हणे.
म्हणे. सगळे पैसे त्या शब्दाचे.
खरं का खोटं, मला ठाऊक नाही.
ठाऊक करून घ्यायचे वेगळे पैसे नव्हते.
ठाऊक होतं ते एवढंच, की पाचवीत
बाईंनी माझ्या वहीला कव्हर घातलं होतं
घरच्या जुन्या कॅलेंडरचं;
वही उघडली की आत ऑगस्ट दिसायचा.

रविवारी घरी गेले. आई मासे साफ करत होती.
म्हणाली, मत कॅप्टनलाच.
म्हटलं, आणि बाई?
नखातले खवले काढत म्हणाली,
नेनिता सांगत होती ना, जमिनीचं.
कोण नेनिता?
आहे एक. रोज विचारते, जेवलात का.
तू विचारतेस?

मी भात वाढून घेतला.
दुसऱ्यांदाही घेतला, भूक नसताना.

कॅप्टन आला निवडून.
खोलीवर भाजलेलं डुक्कर आलं, पाकिटं आली,
पाठोपाठ निरोप: दुपारच्या आत सगळी माणसं पुसा.
बत्तीस पुसायला वेळ लागत नाही,
फक्त फोन प्रत्येक वेळी विचारतो, नक्की?
नेनिताला शेवटी ठेवलं होतं.
कोळ्याचा निरोप आलेला: जखम भरली,
यंदाचा पहिला मासा तुमच्यासाठी काढून ठेवतो,
पत्ता कळवा.
नक्की? फोननं विचारलं.
बोटाला डुकराची चरबी लागली होती, काच ऐकेना.
स्कर्टला पुसून पुन्हा दाबलं.

आज आईचा फोन, चर्चच्या ऑफिसातून.
मागे कुणीतरी सुट्टे मोजतंय.
तीन आठवडे झाले, ती काही लिहीत नाही.
गुडघा बळावला असेल. का गेलीच बिचारी?
इथे चिठ्ठी भरायची आहे प्रार्थनेसाठी,
आजाऱ्यांत घालू का मेलेल्यांत,
हे ती मला विचारते.

मी गप्प.

बरं, आडनाव तरी नीट सांग, म्हणते,
तुम्हा पोरांना लिहिता येतं.
ओलिव्हेरोस ना? ओ वरून?
म्हणजे आपल्याच गावची असणार गं कुणीतरी.